रुग्णालयातून परतणाऱ्या वृद्धाची जागा

वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाला रुग्णालयात हलवावे लागते, तेव्हा नातेवाइकांचे सगळे लक्ष साहजिकच आजाराकडे, तपासण्यांकडे आणि बिलाकडे असते. बरे वाटल्यावर हा माणूस जिथून आला तिथेच परत जाणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. मग डिस्चार्जचा दिवस ठरतो, वृद्धाश्रमाला फोन जातो आणि तिकडून उत्तर येते की यांना सांभाळणे आता आमच्याने होणार नाही, किंवा त्यांची खाट दुसऱ्याला देऊन झाली आहे. रुग्णालयाला कॉट रिकामी हवी असते, मुले पुण्यात किंवा परदेशात असतात, आणि ज्याच्याविषयी ही सगळी बोलणी चाललेली असतात तो माणूस तिथेच पडून ती ऐकत असतो. वृद्धाश्रमातली त्याची जागा हे त्याचे घर असते. आजारी पडल्याने कोणाचे घर जाऊ नये, आणि ते जाऊ नये यासाठी काय करता येते, हे मला येथे सविस्तर मांडायचे आहे.

हा प्रश्न आमच्या सांगली-मिरज भागात विशेष जिव्हाळ्याचा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णसेवा सुरू केली, आणि तेव्हापासून हे गाव उपचारांचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. सोलापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे रुग्ण येथे येतात. या परिसरातला वृद्धाश्रम निवडताना अनेक कुटुंबे ‘दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत’ याच गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतात. म्हणजे रुग्णालयात जाणे आणि तेथून परत येणे हा येथल्या वृद्धाश्रमातल्या जगण्याचा नित्याचा भाग आहे. असे असूनही प्रवेशाच्या छापील अर्जात अनामत रक्कम, मासिक शुल्क, स्थानिक पालकाचे हमीपत्र, भेटीच्या वेळा या सगळ्यांचा तपशील असतो आणि रुग्णालयातून परतण्याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. असलीच, तर ‘रहिवासी स्वावलंबी न राहिल्यास नातेवाइकांनी त्यास घेऊन जावे’ अशा धर्तीची असते. त्या ओळीत स्वावलंबी कोणाला म्हणायचे, ते कोणी ठरवायचे आणि किती दिवसांत न्यायचे, यांपैकी काहीच सांगितलेले नसते.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच घडले. तिला मूलबाळ नाही. काकांच्या पश्चात ती स्वतःच्या पसंतीने सांगलीपासून फार दूर नसलेल्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली आणि तिथे रमली. सकाळी देवपूजेची फुले काढणे, दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवणे, असा तिचा दिनक्रम होता. एका उन्हाळ्यात तिला दोन दिवस उलट्या झाल्या, तिसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. रक्तातले सोडियम बरेच कमी झाले होते आणि लघवीत जंतुसंसर्ग होता. पहिल्या रात्री तिने सलाईनची सुई उपसून काढली, सिस्टरचा हात झटकला आणि सगळ्यांना मोठमोठ्याने तिच्या माहेरच्या नावांनी हाका मारल्या. वृद्धाश्रमातून सोबत आलेल्या मावशींनी हे सारे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी मला फोन करून अतिशय सौम्य शब्दांत कळवले की आजी आता हाताबाहेर गेल्या आहेत, इतर रहिवाशांना त्यांच्यापासून त्रास होईल, तेव्हा तुम्ही दुसरी सोय पाहावी.

त्या वेळी आत्यावरचे उपचार नुकते सुरू झाले होते, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वृद्ध माणसाच्या शरीरात जंतुसंसर्ग झाला, क्षारांचे प्रमाण बिघडले, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा एखादे औषध मानवले नाही, तर मेंदू काही काळ गोंधळतो. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. माणूस दिवस-रात्र विसरतो, ओळखीच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढतो, कधी अंगावर धावून येतो, तर कधी नुसता गप्प पडून राहतो. परके ठिकाण, रात्रभर जळणारे दिवे, चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ नसणे यांमुळे ही अवस्था आणखी वाढते. हा स्मृतिभ्रंश नव्हे. मूळ कारणावर उपचार झाले की बहुतेकदा ती ओसरते, काहींना दिवस लागतात तर काहींना आठवडे. ओळखीची जागा आणि ओळखीची माणसे मिळाली की सावरायला मदत होते. म्हणजे ज्या लक्षणांचे कारण दाखवून परतीचे दार बंद केले जाते, ती लक्षणे ओसरण्यासाठी परत जाणेच उपयोगी असते. आत्याचेही तसेच झाले. सोडियम हळूहळू वर आणले गेले, प्रतिजैविके लागू पडली, आणि काही दिवसांनी तिने मला, ‘माझ्या खाटेजवळच्या तुळशीला कोणी पाणी घालतंय ना?’ असे विचारले. तोवर ती खाट दुसऱ्या कोणाला तरी देण्याची तयारी चालली होती.

या विषयावर वाचन करताना अमेरिकेतील कायदा माझ्या पाहण्यात आला. तिथल्या दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील रहिवाशांच्या हक्कांसाठी १९८७ मध्ये संघराज्य स्तरावर कायदा झाला. सरकारी आरोग्ययोजनांतून पैसे घेणाऱ्या सर्व शुश्रूषागृहांना तो लागू आहे. रहिवाशाला रुग्णालयात पाठवताना त्याची खाट किती दिवस राखून ठेवली जाईल आणि त्याचे शुल्क कसे आकारले जाईल, हे त्याला आणि त्याच्या प्रतिनिधीला लेखी कळवावे लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ही मुदत ७ दिवसांची आहे. ती उलटून गेली तरी तिथल्या गरीब व वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांचा लाभ मिळणाऱ्या रहिवाशाचा हक्क संपत नाही. त्याची पूर्वीची खोली मोकळी असेल तर ती, नाहीतर सामायिक खोलीतली पहिली रिकामी होणारी खाट त्याला द्यावी लागते. त्याला परत घ्यायला नकार देणे म्हणजे त्याला काढून टाकणेच समजले जाते, आणि काढून टाकण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठरवून दिली आहेत. एरवी ३० दिवस आधी कारणासह लेखी नोटीस द्यावी लागते, तिची प्रत लोकपालाकडे, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवावी लागते आणि रहिवाशाला अपील करता येते.

यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद मला वेगळीच वाटते. रहिवाशाची काळजी घेणे आपल्याला शक्य आहे की नाही, हे शुश्रूषागृहाने तो परत येऊ पाहतो त्या वेळच्या प्रकृतीवरून ठरवायचे असते. त्याला रुग्णालयात पाठवले त्या वेळच्या प्रकृतीवरून ते ठरवता येत नाही. आत्याच्या बाबतीत याच एका नियमाची गरज होती. एवढा तपशीलवार कायदा असूनही, निवासातून काढून टाकल्याच्या तक्रारी तिथल्या लोकपालांकडे सर्वाधिक येणाऱ्या तक्रारींमध्ये मोडतात, हेही सांगितले पाहिजे. पण तिथल्या रहिवाशाला निदान दाद कुठे मागायची हे ठाऊक असते.

आपल्याकडे खाट राखून ठेवण्याविषयी असा थेट कायदा नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा असे सांगतो आणि सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्यतो खाटा मिळाव्यात व त्यांच्या वेगळ्या रांगा असाव्यात अशीही तरतूद करतो. वृद्धाश्रमातील रहिवाशाच्या परतीच्या हक्काविषयी मात्र त्यात काही नाही. ज्येष्ठांसाठीच्या निवासांची नोंदणी आणि त्यांचे किमान दर्जे ठरवण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही. ते पुन्हा मांडले जावे आणि त्यात रुग्णालयातून परतण्याचे एक स्वतंत्र कलम असावे, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लावून धरण्याजोगी आहे.

तोवर हाताशी काय आहे, असा विचार केला तर माझ्या मते सर्वांत उपयोगी पडणारा कायदा ग्राहक संरक्षणाचा आहे. पैसे घेऊन निवास, जेवण आणि शुश्रूषा देणारी संस्था सेवा पुरवते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या दिलेली आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट आणि अवाच्या सवा अनामत मागणारी अट, या दोन्ही त्या व्याख्येत नावानिशी येतात. अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. शुल्क घेऊन सेवा दिली नाही, खाट परस्पर दुसऱ्याला दिली, अनामत परत केली नाही, अशा तक्रारी जिल्हा आयोगाकडे करता येतात आणि सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही लागत नाही. हे सगळे वेळ घेणारे आहे, डिस्चार्जच्या संध्याकाळी त्याचा उपयोग नाही, हे मान्य. परंतु कायद्याचा नेमका उल्लेख असलेले, विश्वस्तांच्या नावे लिहिलेले आणि पोहोच घेतलेले पत्र संस्थेला विचार करायला लावते. आम्ही व्यवस्थापकांना तसे पत्र दिले आणि त्यात एकच मागणी केली, की आपल्या परिचारिकेने रुग्णालयात येऊन आत्याची आजची प्रकृती स्वतः पाहावी, डॉक्टरांशी बोलावे आणि त्यानंतरही नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा. परिचारिका आली, आत्याने तिला नावाने हाक मारली, आणि पुढचे बोलणे सोपे झाले. सुरुवातीला रात्रीसाठी ब्युरोची बाई आमच्या खर्चाने ठेवायची, या अटीवर आत्या तिच्या खाटेवर परतली.

रुग्णालयाच्या बाजूचे हक्क तुलनेने स्पष्ट आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा तयार केला. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. तक्रार सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि हद्दीबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे करता येते. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच म्हटले आहे. खर्चाच्या बाबतीत, ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळू शकते, आणि तिच्यात डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा औषधोपचारही अंतर्भूत असतो. वृद्धाश्रमांनी आपल्या सर्व रहिवाशांची ही कार्डे आधीच काढून ठेवली, तर रात्री-अपरात्री होणारी धावपळ बरीच कमी होईल. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हे निराधार रहिवाशांच्या संस्थांनी विशेष लक्षात ठेवावे.

कागदावरचे हक्क खरे कसाला लागतात ते रुग्णालय आणि वृद्धाश्रम यांच्यामधल्या त्या दोन तासांत. डिस्चार्ज बहुधा संध्याकाळी होतो, आणि शनिवारी झाला तर सोमवारपर्यंत वृद्धाश्रमात डॉक्टर येणार नसतात. रुग्णवाहिकेत माणसासोबत एक्स-रेचे पाकीट, औषधांची पिशवी आणि घाईघाईने लिहिलेले डिस्चार्ज कार्ड जाते. त्या कार्डावर निदान असते, औषधांची नावे असतात, पण जिच्या हाती हा माणूस सोपवला जातो त्या मावशींना हव्या असलेल्या गोष्टी त्यात नसतात. आजची शेवटची गोळी किती वाजता दिली, रात्रीची द्यायची आहे की देऊन झाली, लघवीची नळी कोणत्या तारखेला घातली आणि कधी बदलायची, पाठीवर किंवा माकडहाडावर लाली दिसते आहे का, जेवण घट्ट द्यायचे की पातळ, पाणी पिताना ठसका लागतो का, उठवताना एका माणसाने उठवायचे की दोघांनी, यांतले काहीच लिहिलेले नसते. बेडसोर रुग्णालयात झाला की वृद्धाश्रमात, यावरून पुढे होणारे वाद मी ऐकले आहेत. निघण्याआधी सिस्टरसमक्ष पाठ पाहून तशी नोंद केली, तर ते वाद उद्भवतच नाहीत.

औषधांचा घोळ सर्वांत धोक्याचा असतो. रुग्णालयात नवी औषधे सुरू होतात, त्यांतली काही जुनीच पण वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची असतात. वृद्धाश्रमातल्या डब्यात जुनी पाकिटे तशीच पडलेली असतात. मग रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी दिली जाते आणि चार दिवसांनी माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि सोडियम कमी होण्यामागे तेही एक कारण असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांनी ती गोळी बंद केली होती, पण ‘बंद’ हा शब्द कार्डावर कुठेच नव्हता. ती फक्त नव्या यादीत नव्हती, एवढेच. म्हणून नवी, चालू ठेवायची आणि बंद केलेली अशा तीन याद्या डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्याव्यात, आणि बंद केलेली पाकिटे त्याच संध्याकाळी डब्यातून काढून टाकावीत. वृद्धाश्रमातली परिचारिका आणि रुग्णालयातली सिस्टर यांचे निघण्यापूर्वी फोनवर थेट बोलणे करून द्यावे. नातेवाइकाने मधे निरोप्याचे काम केले की अर्धे निरोप गळतात.

या सगळ्यात त्या माणसाला स्वतःला काय हवे आहे, हे विचारायचे राहून जाते. कुठे परतायचे, मुलाकडे जायचे की वृद्धाश्रमात, दुसऱ्या संस्थेत जायला तो तयार आहे का, हे त्याचे निर्णय आहेत. त्याला समजत-उमगत असेल तोवर ते त्यानेच घ्यायचे आहेत. आणि डिलिरियममध्ये असलेल्या माणसाचे कायमचे ठिकाण त्याच आठवड्यात ठरवण्याची घाई कोणीही करू नये. नातेवाइकांची जबाबदारीही संपत नाही. २००७ च्या कायद्यात चरितार्थामध्ये अन्नवस्त्राबरोबर निवास आणि वैद्यकीय उपचारही येतात. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे वारशाने जाणार आहे, त्याच्यावरही ते कर्तव्य येते. म्हणजे आत्याच्या बाबतीत आम्हा भाचरांवर ते आहे, आणि ते आम्हाला मान्य आहे. या कायद्याखाली चरितार्थाचे अर्ज ऐकणारे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते, आणि ज्येष्ठाला स्वतः जाणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे हा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. तातडीने सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

वृद्धाश्रमांच्या अडचणी खोट्या नाहीत. नाकातल्या नळीने अन्न देणे, कफ ओढून काढणे, दर दोन तासांनी कुशी बदलणे यांसाठी शिकलेली माणसे लागतात, आणि आमच्या भागातल्या बहुतेक लहान संस्था दोन-तीन मावशींच्या जिवावर चालतात. एखाद्याची शुश्रूषा खरोखरच आवाक्याबाहेर गेली असेल तर संस्थेने तसे सांगणे हेच त्या माणसाच्या हिताचे असते. परंतु ते प्रत्यक्ष पाहून, कारण लिहून आणि दुसरी सोय होईपर्यंत मुदत देऊन सांगितले पाहिजे. एक फोन करून खाट काढून घेणे, हे कोणत्याही अडचणीने समर्थनीय ठरत नाही.

आत्या परतल्यानंतर आम्ही संस्थेला करारात काही कलमे घालण्याची विनंती केली. रहिवासी रुग्णालयात असताना त्याची खाट किमान १५ दिवस राखून ठेवावी आणि जेवणाचा खर्च वजा करून शुल्क घ्यावे. परत घेण्याविषयीचा निर्णय डिस्चार्जच्या वेळच्या प्रकृतीवरून, संस्थेच्या परिचारिकेने रुग्णाला पाहिल्यानंतरच करावा. नकार द्यायचा झाल्यास तो कारणांसह लेखी द्यावा आणि दुसरी व्यवस्था करण्यासाठी ३० दिवसांची मुदत द्यावी. त्यावर मतभेद झाल्यास दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तिऱ्हाईत डॉक्टरांचे मत घ्यावे. पहिली दोन कलमे व्यवस्थापकांनी मान्य केली आणि नव्या अर्जांत ती छापलीही गेली आहेत, म्हणजे आता ती सगळ्याच नव्या रहिवाशांना मिळतात. मुदतीच्या बाबतीत ते १५ दिवसांवर अडले आहेत. तिऱ्हाईत डॉक्टरांच्या कलमाला काही विश्वस्तांचा विरोध आहे, त्यामुळे तो विषय त्यांच्या पुढच्या बैठकीत येणार आहे, आणि त्या बैठकीत आत्याला रहिवाशांच्या वतीने स्वतः बोलायचे आहे.